स्लॅबवरच्या आकड्याची हमी कोण घेणार?

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी भागात नाणी-नोटांची प्रदर्शनं भरवणारे संयोजक, नाणी विक्रेते आणि संग्राहक मंडळं यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रदर्शनांतल्या टेबलांवर, नाणी तपासून दर्जा देणाऱ्या म्हणजे ग्रेडिंग कंपन्यांनी पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, बंद केलेली नाणी आता सर्रास दिसतात. वर लेबल, लेबलवर 'एमएस 64' किंवा 'एयू 58' असा आकडा आणि खाली बारकोड. उघडं नाणं हातात घेतलं की गिऱ्हाईक उलटसुलट करून बघतं, कड बघतं, वजन विचारतं. तेच नाणं स्लॅबमध्ये गेलं की फक्त भाव विचारतं. यात ग्रेडिंग करणाऱ्यांचा दोष निम्माच आहे, उरलेला आपला. लेबल छापणारा कोण, त्याला काय येतं आणि तो चुकला तर पैसे कोण भरणार, हे आपण विचारतच नाही.

म्हणून विनंती एवढीच, की कुठल्याही ग्रेडिंग कंपनीला स्टॉल देण्याआधी, किंवा तिच्या स्लॅबमधलं नाणं 'प्रमाणित' अशी पाटी लावून विकू देण्याआधी, त्या कंपनीचीच परीक्षा घ्या. ती घेता येते. फारसा खर्च नाही, थोडी चिकाटी लागते. कशी घ्यायची ते सविस्तर लिहितो आहोत.

आधी ग्रेडिंगवाला नेमकं करतो काय ते पाहू. नाणं अस्सल की बनावट हे ठरवणं, ते कोणत्या राज्याचं, टांकसाळीचं आणि सालाचं हे ओळखणं, झीज आणि पृष्ठभाग पाहून दर्जा ठरवणं, आणि शेवटी डबीत बंद करणं. चौथं काम मशीन करतं आणि ते सगळ्यांनाच जमतं. पहिल्या तिन्हींसाठी जाणती माणसं लागतात, आणि एकच माणूस तिन्हींत तयार असणं दुर्मीळ. जॉर्ज पंचमच्या रुपयाचा दर्जा बिनचूक सांगणारा माणूस आझमनगर-गोकाक टांकसाळीच्या रुपयावरची फारसी अक्षरं वाचू शकेलच असं नाही. त्यामुळे 'ही कंपनी चांगली का?' हा प्रश्नच मोघम आहे. कोणत्या नाण्यांसाठी चांगली, असं विचारावं.

70 गुणांची ही मोजपट्टी मुळात अमेरिकेतली. विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी ती मांडली. पुढे 1986 मध्ये पीसीजीएस आणि 1987 मध्ये एनजीसी या कंपन्या निघाल्या आणि नाणं तपासून, आकडा देऊन, प्लास्टिकमध्ये बंद करण्याची पद्धत रूढ झाली. 60 ते 70 (एमएस) म्हणजे चलनात न फिरलेलं नाणं, 50 ते 58 (एयू) म्हणजे जेमतेम हात लागलेलं, 40 आणि 45 (एक्सएफ) म्हणजे थोडं झिजलेलं, आणि तिथून खाली उतरत 1 पर्यंत. आपल्याकडच्या कंपन्यांनीही हीच पट्टी उचलली. 1835 पासूनच्या यंत्रावर पाडलेल्या रुपयांना ती बऱ्यापैकी लागू पडते, कारण सगळी नाणी एका मापाची, एका वजनाची आणि ठसा पूर्ण उमटलेला. खरी कसोटी 58 आणि 62 यांच्या मधल्या जागेत असते. जॉर्ज पंचमचा रुपया एकाच दिव्याखाली तिरका धरून हळूहळू फिरवला, तर न फिरलेल्या नाण्यावर झळाळीचा पट्टा सलग फिरतो. किंचित वापरलेल्या नाण्यावर तो गालावर, भुवईवर आणि मुकुटाच्या उंचवट्यावर तुटतो आणि तिथे मळकट करडा ठिपका दिसतो. तो ठिपका दिसत असताना लेबलवर 62 असेल, तर ग्रेडरने एक तर दिवा नीट लावला नाही किंवा गिऱ्हाइकाला खूश केलं.

शिवराईला, म्हणजे मराठ्यांच्या तांब्याच्या नाण्याला, मात्र ही पट्टी लावणं म्हणजे शुद्ध सोय आहे. शिवराई हातोड्याने पाडलेली, ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच पूर्ण येतात. एखादी शिवराई अजिबात झिजलेली नसते, पण ठसा सरकल्यामुळे तिच्यावर निम्मीच अक्षरं असतात. दुसरी बरीच झिजलेली असते, पण दोन्ही बाजूंची सगळी अक्षरं चकतीवर असतात. या दोघींना एकेक आकडा देऊन कोणती सरस ठरवणार? संग्राहक दुसरीला जास्त पैसे मोजतो, आणि ते बरोबरच आहे. एनजीसीने प्राचीन नाण्यांसाठी झीज वेगळी, ठशाचा दर्जा 5 पैकी वेगळा आणि पृष्ठभागाचा दर्जा 5 पैकी वेगळा अशी विभागणी केली आहे. शिवराई, विजयनगरचे वराह व पणम ही सोन्याची नाणी, आदिलशाही तांबं आणि मराठ्यांच्या टांकसाळींचे रुपये यांना हीच रीत हवी. त्यापुढे जाऊन लेबलवर वजन आणि वाचता येणारी अक्षरं छापायला हवीत. शिवराईवर 'शिव', 'सिव', 'छत्रपति', 'छत्रपती' असे लेखनाचे फरक सापडतात आणि अभ्यासक त्यांवरूनच वर्गवारी करतात. नुसतं 'शिवराई, एक्सएफ 45' एवढंच छापणाऱ्या कंपनीने निम्मंही काम केलेलं नाही.

आपल्या भागातल्या रुपयांचं तर आणखी अवघड. आझमनगर म्हणजे बेळगाव, मुर्तजाबाद म्हणजे मिरज. नाण्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचं, पाडणारे दुसरेच. टांकसाळीचं नाव बऱ्याचदा काठावर कापलं गेलेलं, आणि ओळख पटते ती एखाद्या खुणेवरून. लेबलवर 'मराठा, रुपया, साल नाही' एवढंच असेल, तर वाचणारा माणूस त्यांच्याकडे नाही असं समजावं. आपल्याच दारातली टांकसाळ ओळखता येत नसेल, तर त्या आकड्यासाठी पैसे मोजण्यात काय हशील?

आता हितसंबंधांबद्दल, कारण सगळ्यात मोठी गळती तिथेच आहे. तिसऱ्याने तपासायचं ते यासाठी, की त्याला ना विकणाऱ्याचा फायदा हवा ना घेणाऱ्याचा. आपल्याकडे म्हणतात ना, सोनारानेच कान टोचावेत. पण तो सोनार स्वतःच नाणी विकत असेल, लिलाव चालवत असेल, किंवा त्याच्याच घरातला कोणी शेजारच्या टेबलावर त्याच कंपनीचे स्लॅब विकत असेल, तर कुंपणच शेत खाणार. स्टॉलसाठी अर्ज आला की लेखी विचारा: कंपनीचे मालक, भागीदार आणि ग्रेडर नाण्यांची खरेदी-विक्री करतात का? एका नाण्यावर किती जण स्वतंत्रपणे मत देतात? मत देणाऱ्याला नाणं कुणाचं आहे ते कळतं का? नाव झाकून नुसत्या क्रमांकाने नाणं टेबलावर येतं, निदान दोघं एकमेकांचा आकडा न बघता आपापला आकडा लिहितात आणि मग तिसरा अंतिम ठरवतो, ही रीत बरी. 'आमचे सर स्वतः बघतात' हे उत्तर आलं, तर सर रजेवर असतात तेव्हा कोण बघतं, हेही विचारा.

हमीचा कागद मागा. गुळगुळीत पत्रकावरचं 'शंभर टक्के खात्री' नको, अटींचा कागद हवा. नाणं बनावट निघालं तर नुकसानभरपाई कशाच्या आधारावर: ग्रेडिंगची फी परत, नाणं घेतलेली किंमत, की त्या दिवसाचा बाजारभाव? पहिला पर्याय असेल तर ती हमी नव्हेच. मोठ्या परदेशी कंपन्याही लेबलवरची उघड छपाईची चूक हमीतून वगळतात आणि तांब्याचा रंग नंतर बदलला तर जबाबदारी घेत नाहीत, हेही लक्षात असू द्या. हमी फक्त नाणं दाखल करणाऱ्याला आहे की स्लॅब विकत घेणाऱ्या पुढच्या माणसालाही? आणि तळाशी बारीक अक्षरांत 'वाद अमुक शहराच्या न्यायालयातच' असं असतं, त्याला घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. निपाणीच्या माणसाने कोल्हापुरात स्लॅब घेतला तरी तो बेळगावच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो. अट एकच, की त्याने नाणं पुन्हा विकण्याच्या धंद्यासाठी घेतलेलं नसावं. बिल मात्र हवं, आणि बिलावर नाण्याचं वर्णन आणि स्लॅबचा क्रमांक हवा. चिठ्ठीवर 'जुने नाणे 1 नग' लिहून दिलेलं असेल तर आयोगही काही करू शकत नाही.

आता परीक्षेकडे वळू. मंडळाने मिळून 10-12 नाण्यांचा एक संच करावा. त्यात जॉर्ज पंचमचे 1918-19 चे न घासलेले दोन रुपये, पावडरने घासून लख्ख केलेला व्हिक्टोरियाचा एक रुपया, दागिन्यात असताना नाकं (ओवण्यासाठी डाखलेली कडी) जोडलेला आणि नंतर ते काढलेला एक, भोक बुजवलेला एक, बनावट म्हणून आधीच खात्री असलेला ओतीव रुपया एक, अस्सल शिवराया दोन आणि हिरवा थर कृत्रिम चढवलेली शिवराई एक. शिवाय राम दरबार किंवा हनुमान छापलेला, 'ईस्ट इंडिया कंपनी 1818 अर्धा आणा' असं लिहिलेला तो सुप्रसिद्ध तुकडा. आपल्या भागातल्या निम्म्या घरांत तो असतो आणि प्रत्येक घराला तो लाखांचा वाटतो. ईस्ट इंडिया कंपनीने तो कधी पाडलाच नाही, ते नंतरचं खेळणं आहे. जो ग्रेडर त्याला 1818 चं नाणं म्हणून डबीत घालेल, त्याची परीक्षा तिथेच संपली.

पाठवण्याआधी प्रत्येक नाण्याचं वजन 0.01 ग्रॅमपर्यंत, व्यास, जाडी आणि दोन्ही बाजूंचे फोटो नोंदवा. कडेचा फोटो तर काढाच, कारण एकदा डबीत गेल्यावर कड दिसत नाही आणि वजन करता येत नाही. परत आलेलं नाणं आपलंच आहे हे सिद्ध करायलाही हीच नोंद लागते. नाणी तीन वेगवेगळ्या गावांतल्या तीन माणसांच्या नावांनी पाठवा. निकाल आले की स्लॅब फोडा: डबी जाड फडक्यात गुंडाळून कोपऱ्यावर पक्कड दाबली की शिवण उघडते, करवत लावू नका. तीन-चार महिन्यांनी तीच नाणी नावं बदलून पुन्हा पाठवा. जुन्या लेबलचा उल्लेख कुठेही नको.

निकाल वाचताना थोडं तारतम्य हवं. 63 चा 64 झाला तर तक्रार करू नये, दोन जाणत्यांतही एवढा फरक पडतो. 58 चा 62 झाला तर नोंद करा, कारण सीमा ओलांडली. पण घासलेल्या रुपयाला दोन्ही वेळा स्वच्छ आकडा मिळाला, किंवा एकदा 'साफ केलेलं' आणि दुसऱ्यांदा एमएस 62 मिळालं, तर ती चूक फरकात बसत नाही. नाकं काढल्याची खूण सुटली, ओतीव रुपया पास झाला किंवा 1818 चा तुकडा डबीत आला, तर पुढचं काही बघायची गरज नाही. आणखी एक सांगतो: सगळीच्या सगळी नाणी आकडा घेऊन परत आली, एकही 'दर्जा देता येत नाही' म्हणून परत आलं नाही, तर ती कंपनी नकार द्यायला घाबरते. फी नाण्यामागे मिळते, नकारामागे गिऱ्हाईक तुटतं. जुन्या कंपन्या दोष असलेल्या नाण्याला 'डिटेल्स' असा शेरा देऊन कारण छापतात. असा शेरा देणारा ग्रेडर विक्रेत्यांत अप्रिय असतो, आणि नेमका तोच आपल्याला हवा.

ओतीव नाणं कसं ओळखायचं हे आपल्यातल्या जुन्यांना माहीत आहे, पण प्रदर्शनाच्या टेबलावर ते दाखवता यायला हवं. रुपया म्हणजे एक तोळा, 11.66 ग्रॅम. 1939 पर्यंतची चांदी 0.917. वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लोंबतं धरा, तळाला आणि बाजूला लागू देऊ नका. नाण्याला चिकटलेले बुडबुडे आधी ओल्या बोटाने पुसा, एक बुडबुडाही आकडा बिघडवतो. काट्यावर ग्रॅममध्ये जो आकडा येतो तो नाण्याचा आकार, म्हणजे घनसेंटिमीटरमधलं आकारमान. पूर्ण वजनाच्या अस्सल रुपयाला तो 1.13 च्या आसपास यायला हवा. जर्मन सिल्व्हरचा (तांबं, निकेल आणि जस्त यांचा, चांदी नसलेला धातू) तेवढ्याच वजनाचा रुपया 1.33 च्या पुढे जातो. 1940 पासूनच्या अर्ध्या चांदीच्या रुपयाला साधारण 1.22 येतं, त्यामुळे साल बघूनच निकाल द्या. झिजलेलं नाणं हलकं भरणारच, म्हणून नुसता आकडा न पाहता वजनाला आकाराने भागा, म्हणजे घनता मिळते. झिजलेला असो वा नसो, 10.3 च्या जवळ आलं तर धातू बरोबर.

हीच रीत होनावर, म्हणजे सोन्याच्या छोट्या नाण्यावर, लावली तर फसगत ठरलेली. 2.8 ग्रॅमच्या होनाचा आकार जेमतेम 0.15 येतो. 0.01 च्या काट्यावर तो 0.14 किंवा 0.16 दाखवू शकतो, म्हणजे घनता 20 किंवा 17.5. या दोन आकड्यांच्या मध्ये अस्सल सोनंही बसतं आणि भेसळीचंही. होन, वराह आणि पणम यांना 0.001 चा काटा लागतो. शहापूरच्या सराफांकडचं कॅरेट मशीन सोपं वाटतं, पण त्याचे किरण वरच्या पातळ थरातच शिरतात. जाड मुलामा दिलेलं नाणं ते शुद्ध दाखवतं, आणि जमिनीत राहिलेल्या चांदीच्या नाण्याचा वरचा थर आतल्यापेक्षा जास्त शुद्ध असतो म्हणून तिथेही चढा आकडा येतो. ग्रेडिंग कंपनी 'आम्ही मशीनवर तपासतो' म्हणाली, तर घनताही घेता का, हे विचारा.

तांब्याच्या बनावट शिवराईला घनतेने काही कळत नाही, कारण नकलीही तांब्याचीच. तिथे डोळा हवा. हातोड्याने पाडलेल्या दोन नाण्यांची चकती, तिच्या कडेचे कंगोरे आणि ठसा किती सरकला, हे कधीच तंतोतंत जुळत नाही. जुळलं, तर दोन्ही एकाच मूळ नाण्यावरून ओतलेली. म्हणून ग्रेडिंग कंपनीने तपासलेल्या प्रत्येक नाण्याचा मोठा फोटो क्रमांकासह जाहीर ठेवलाच पाहिजे. दोन वेगळ्या क्रमांकांच्या शिवरायांवर एकाच जागी एकच खड्डा आणि एकसारखी तुटकी कड दिसली की गठ्ठ्यानेच बनावट पकडता येतात. फोटो न ठेवणारी कंपनी स्वतःच्या चुका शोधायची सोयच बंद करते.

1939 च्या मुंबई टांकसाळीच्या रुपयाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तो दुर्मीळ आणि त्यावर सगळ्यांचा डोळा. 1938 चा रुपया भरपूर मिळतो, चांदी तीच, वजन तेच, टांकसाळही तीच. शेवटचा 8 कोरून 9 केला की वजन, घनता, मशीन सगळं पास होतं. दहापट भिंगाखाली त्या एका अंकाच्या पायथ्याशी धातू खरवडल्याची किंवा ढकलल्याची खूण असते, आणि अंकाभोवतीच्या मोकळ्या जागेचा पोत बाकीच्या पृष्ठभागाशी जुळत नाही. अस्सल नाण्यातल्या 9 चा आकार शेजारी ठेवून पाहायला हवा. अशा नाण्यासाठी स्लॅबचा आकडा वाचून थांबू नये. त्या अंकाचा जवळून काढलेला फोटो मागा, नाही मिळाला तर घेऊ नका.

साफ केलेली नाणी हा आपल्या घरांचाच प्रश्न आहे. चिंच, राख, पितळेची पावडर, सराफाचं चांदी उजळायचं पाणी, काय काय लावलेलं असतं. घासलेल्या नाण्यावर भिंगातून एकाच दिशेने गेलेले बारीक चरे दिसतात, मोकळी जागा चकाकते आणि अक्षरांच्या बेचक्यांत काळं तसंच राहतं. रसायनात बुडवलेलं नाणं याच्या उलट, सगळीकडे सारखं पांढरं आणि निर्जीव. देव्हाऱ्यातला लक्ष्मीपूजनाचा रुपया मात्र या दोन्हींत मोडत नाही. त्यावर हळद-कुंकू, तेल आणि काजळी यांचा थर असतो आणि त्याखाली मूळ झळाळी टिकूनही असते. 'डाग' असा एकच शेरा मारून त्याला खालचा आकडा देणारा ग्रेडर आपल्या घरातलं नाणं ओळखत नाही. उलट नाकं काढलेल्या रुपयाकडे तो कानाडोळा करत असेल तर ते गंभीर. कडेवर, बहुधा राजाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला, दातेऱ्या बुजलेल्या किंवा पुन्हा कोरलेल्या दिसतात आणि डाखाचा वेगळ्या रंगाचा पट्टा राहतो. म्हणूनच कड दाखवणारी, नाणं तीन-चार टोकांवर धरणारी डबी हवी. नाण्याभोवती घट्ट पांढरं रबर असलेली डबी हे पाप झाकते.

डबीबद्दल थोडंच. पीव्हीसीचं प्लास्टिक असेल तर काही वर्षांत तांब्यावर चिकट हिरवा थर येतो. डबी गोंदाने चिकटवलेली असेल तर ती उघडून नाणं बदलता येतं. ध्वनिलहरींनी वितळवून जोडलेली शिवण उघडली की पांढरी पडते किंवा तुटते, आणि ते दिसतं. खानापुरातला पाऊस डबीला जुमानत नाही, डबी हवाबंद नसते. जमिनीतून निघालेल्या तांब्यात क्षार राहिले असतील, तर डबीतही फिकट हिरवी भुकटी वाढत जाते. विकत घेताना स्लॅब उलटा करून तळाशी भुकटी पडते का ते पाहा.

आणि स्लॅबही नकली असतात. चीनमधून आलेल्या पीसीजीएस आणि एनजीसीच्या नकली डब्या 2007-08 च्या सुमारासच उघड झाल्या होत्या, आणि त्यांवर छापलेले क्रमांक खऱ्या नाण्यांचे होते. त्यामुळे मोबाइलवर क्रमांक टाकून 'बरोबर आलं' म्हणणं पुरत नाही. तिथे फोटो असेल तर त्यातला एखादा ओरखडा हातातल्या नाण्यावर शोधा. फोटो नसेल, तर नाणं मुळातूनच तपासा.

एक कायद्याचा मुद्दा, जो स्टॉलवर कोणी सांगत नाही. 'तुमचं नाणं आम्ही अमेरिकेला पाठवून ग्रेड करून देतो' असं सांगणारे एजंट आपल्याकडे येतात. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं जुनं नाणं पुरावशेष ठरतं, आणि केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था सोडून कोणालाही ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शिवराई, होन, व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि जॉर्ज पंचमचे सुरुवातीचे रुपये सगळे यात आले. नाणं ग्रेड करून परत आणणार आहोत, ही सबब चालत नाही. नाणं पाठवलं तर गुन्हा मालकाच्याही अंगावर येतो. अशा एजंटांना प्रदर्शनात टेबल देऊ नका. शेतात सापडलेल्या नाण्यांबाबतही तेच: ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात, आणि स्लॅबमध्ये घातल्याने त्यांची मालकी सिद्ध होत नाही.

संयोजकांनी पुढच्या प्रदर्शनाच्या अर्जातच चार गोष्टी घालाव्यात. ग्रेडिंग कंपनीने हितसंबंध लेखी जाहीर करावेत, हमीच्या अटी मराठीत आणि कानडीत छापून टेबलावर लावाव्यात, नाण्यांचे फोटो क्रमांकासह खुले ठेवावेत, आणि हातोड्याच्या नाण्यांना वजन व वाचन लेबलवर द्यावं. जी कंपनी मान्य करणार नाही, तिने आपली नाणी विकावीत, पण 'प्रमाणित' ही पाटी काढून. विक्रेत्यांनी स्लॅब फोडून नाणं मागणाऱ्या गिऱ्हाइकावर चिडू नये. आणि मंडळांनी प्रवेशद्वाराजवळ एक टेबल फुकट राखून ठेवावं: 0.01 चा काटा, पाण्याचा पेला, दोरा, दहापट भिंग, एकच दिवा असलेला टेबललॅम्प आणि फारसी वाचणारा एक माणूस. तो माणूस कोण, हे जाहिरातीत छापा, म्हणजे खानापूर-चंदगडकडून येणारी मंडळी घरातले रुपये सोबत घेऊन येतील.

परीक्षेचा संच तयार करायला ज्या मंडळांना ओतीव, घासलेली किंवा नाकं काढलेली नाणी लागतील, त्यांना आम्ही ती देऊ. ती विकायला काढायची नाहीत, एवढी एकच अट.

आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातले काही नाणे संग्राहक